‘इट इज इम्पॉर्टंट दॅट ही बी प्रेझेंट’ मध्ये ‘ही इज’ का नाही?

छापायची चूक नाहीये ती, वाक्य अगदी बरोबर आहे. इम्पॉर्टंट, नेसेसरी, एसेन्शियल असे शब्द किंवा सजेस्ट, डिमांड, रेकमेंड अशी क्रियापदं आली आणि पुढे दॅट लावून "असं व्हायला हवं" हे सांगायचं असलं की दॅटनंतरचं क्रियापद मूळ रूपातच राहतं, मग कर्ता आय असो, ही असो नाहीतर दे, सगळ्यांना बीच लागतं, अॅम-इज-आर काही नाही. याला सबजंक्टिव्ह म्हणतात. आपल्याकडे "त्याने हजर असावं" मधलं ‘असावं’ हेच काम करतं, म्हणून मराठी माणसाला हे खरं तर सोपं जायला हवं, पण शाळेत फार कुणी असं जोडून दाखवत नाही याचं वाईट वाटतं.

खरी गंमत इन्सिस्टची आहे. ‘ही इन्सिस्ट्स दॅट शी इज ऑनेस्ट’ म्हणजे ती प्रामाणिक आहे असं तो ठासून सांगतोय, आणि ‘शी बी ऑनेस्ट’ केलं की तिने प्रामाणिक राहावं असा त्याचा आग्रह आहे, एका छोट्याशा क्रियापदाने अख्खा अर्थ फिरतो!

भूतकाळातही बी बदलत नाही, ‘दे डिमांडेड दॅट शी बी रिलीज्ड’. नकार करताना डोन्ट-डझन्ट नको, सरळ ‘दॅट ही नॉट बी लेट’.

सुरुवातीच्या इटला स्वतःचा अर्थ नाही, खरा कर्ता पुढे येणारं दॅटवालं वाक्य आहे, इट फक्त त्याची जागा धरून बसतं. आणि ब्रिटिश इंग्लिशमध्ये ‘ही शुड बी प्रेझेंट’ खूप दिसेल, तेही बिनधास्त लिहा.