सामायिक कॉम्प्युटरवर पेनड्राइव्ह लावायची भीती वाटते. नेमकी कोणती काळजी घ्यावी?

तुम्ही लिहिलंय की नागपुरात अभ्यासिकेत बरेच जण मिळून एकच कॉम्प्युटर वापरता, प्रिंट बर्डीवरच्या झेरॉक्स दुकानातून काढता, मित्र म्हणतात पेनड्राइव्ह लावला की संपलंच, आणि परीक्षेचा फॉर्म तर भरायचाच आहे. माझं मत असं की पेनड्राइव्हची भीती थोडी कमी करा आणि पासवर्डची वाढवा. व्हायरस आलेला पेनड्राइव्ह घरी अर्ध्या तासात साफ होतो. दुसऱ्याच्या कीबोर्डवर टाइप केलेला पासवर्ड कुणाच्या हाती लागला, हे मात्र तुम्हाला कळतही नाही.

पूर्वी पेनड्राइव्ह नुसता लावला तरी त्यातला प्रोग्राम आपोआप सुरू व्हायचा. २००८ साली आलेला कॉनफिकर नावाचा व्हायरस या वाटेनेही पसरला. मायक्रोसॉफ्टने विंडोज ७ मध्ये पेनड्राइव्हसाठी ही सोय बंद केली आणि फेब्रुवारी २०११ मध्ये एक्सपी व व्हिस्टालाही तसा अपडेट दिला. त्यामुळे आज बहुतेक वेळा व्हायरस चालायला तुमचं डबल-क्लिक लागतं.

दुकानांत सर्रास भेटतो तो शॉर्टकट व्हायरस. पेनड्राइव्ह उघडला की तुमचे फोल्डर दिसतात, नावंही तीच. पण चिन्हाच्या कोपऱ्यात छोटा वाकडा बाण असतो, ‘टाइप’च्या रकान्यात ‘शॉर्टकट’ लिहिलेलं असतं आणि साइज एक-दोन केबी. खरे फोल्डर त्याने लपवून ठेवलेले असतात. बाणवाल्या चिन्हावर क्लिक केलं की फोल्डर उघडतो आणि मागे व्हायरसही चालू होतो, म्हणून माणसाला शंका येत नाही. असं दिसलं तर घाबरून लगेच फॉरमॅट मारू नका, फाइली बहुतेक वेळा जागेवरच असतात. ओटीजी ॲडॉप्टर (फोनला पेनड्राइव्ह जोडायचा छोटा जोड) लावून पेनड्राइव्ह अँड्रॉइड फोनला जोडा. विंडोजचा व्हायरस तिथे चालत नाही आणि विंडोजने लपवलेले फोल्डर बहुतेक फोनमध्ये सरळ दिसतात. कधी कधी त्या फोल्डरला नावच नसतं, तेही उघडून बघा. आतले फक्त पीडीएफ आणि फोटो फोनमध्ये कॉपी करा, मग पेनड्राइव्ह फॉरमॅट करा. हे सगळं त्याच दुकानातल्या मशीनवर करण्यात अर्थ नाही. मशीनच लागण झालेलं असेल तर साफ केलेला पेनड्राइव्ह पुढच्याच मिनिटाला पुन्हा तसाच होतो.

प्रिंटसाठी आठ जीबीचा वेगळा पेनड्राइव्ह ठेवा. त्यात त्या दिवशीची पीडीएफ सोडून काही नको. नोट्सची एकुलती एक प्रत तर मुळीच नको. वर्डची फाइल नेऊ नका. मॅक्रोचा (वर्डच्या फाइलीत दडलेल्या छोट्या प्रोग्रामचा) धोका टळतोच, शिवाय दुकानात तुमचा मराठी फॉन्ट नसला की मजकुराचे चौकोन होतात, तेही टळतं.

आता पासवर्ड. इनकॉग्निटो (ब्राउझरची खासगी) विंडो फक्त त्या ब्राउझरमधला इतिहास पुसते. मशीनमध्ये कीलॉगर, म्हणजे टाइप केलेलं नोंदवून ठेवणारा छुपा प्रोग्राम, बसला असेल तर तो प्रत्येक अक्षर टिपतोच. स्क्रीनवरचा कीबोर्ड वापरूनही पूर्ण सुटका नाही, कारण असे प्रोग्राम स्क्रीनचे फोटोही घेतात. म्हणून कामाची वाटणी करा. फोटो-सही स्कॅन करणं, केबीत बसवणं, प्रिंट काढणं दुकानात. लॉगिन आणि पैसे भरणं स्वतःच्या फोनवर. फॉर्म तिथेच भरावा लागला तर पासवर्ड असा ठेवा जो दुसऱ्या कुठल्याच खात्याला नाही, ओटीपी फोनवर वाचा, दुकानात जीमेल उघडू नका. फीसाठी कार्ड नंबर टाकू नका. पेमेंटच्या पानावर यूपीआयचा क्यूआर कोड येत असेल तर तो आपल्या फोनने स्कॅन करा. घरी आल्यावर फोनवरून तो पासवर्ड बदला. व्हॉट्सॲप वेब उघडलं असेल तर फोनमध्ये ‘लिंक्ड डिव्हाइसेस’मध्ये जाऊन ते मशीन लॉग आउट करा.

व्हायरसच्या नादात ज्याकडे कुणी बघत नाही तो म्हणजे डाउनलोड्स फोल्डर. फॉर्म भरून देणाऱ्या दुकानात तो कधी उघडून बघा, अनोळखी माणसांची आधारं, मार्कशीट, जातीचे दाखले पडलेले असतात. ई-आधारच्या पीडीएफला पासवर्ड असतो खरा, पण तो म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी कॅपिटल अक्षरं आणि जन्मसाल. फॉर्म भरणाऱ्यासमोर दोन्ही असतात. चालत असेल तिथे फक्त शेवटचे चार आकडे दाखवणारं मास्क्ड आधार द्या. प्रिंट झाली की ब्राउझरमध्ये कंट्रोल-जे दाबून फाइल कुठे उतरली ते बघा आणि शिफ्ट धरून डिलीट करा. नुसत्या डिलीटने ती रिसायकल बिनमध्ये जाते. व्हॉट्सॲपवर ‘डिलीट फॉर एव्हरीवन’ केल्याने डाउनलोड झालेली प्रत जात नाही. दुकानदाराला हे काम तुमच्यासमोर करायला सांगण्यात संकोच नको, कागद तुमचे आहेत.

प्रत्येक बिघाड व्हायरसचा नसतो. मे महिन्यात दुपारी मशीन रखडतं, पंखा ओरडतो आणि सकाळी तेच ठीक चालतं, तर आत धूळ साचली आहे. नागपूरच्या पंचेचाळीस अंशांत प्रोसेसर तापला की स्वतःचा वेग स्वतःच कमी करतो. फाइल कॉपी होत असताना लाइट गेली किंवा पेनड्राइव्ह ओढून काढला, तरीही ‘फॉरमॅट करा’ असा मेसेज येतो.

अभ्यासिकेच्या मशीनबद्दल मात्र चालकांशी नक्की बोला. मुलांसाठी स्टँडर्ड युजरचं, म्हणजे मर्यादित अधिकारांचं, खातं हवं, ॲडमिनचा पासवर्ड एकाकडेच हवा. अँटीव्हायरस एकच पुरे; विंडोजमधलं डिफेंडर चालू असेल तर वर आणखी दोन टाकून मशीन फक्त जड होतं. विंडोज चोरीचं असेल तर आधी ते बदला, कारण ॲक्टिव्हेटर (चोरीचं विंडोज चालू करून देणारा प्रोग्राम) चालवताना डिफेंडर बंद करायला सांगतात आणि नंतर ते कुणी चालू करत नाही. अपडेट थांबवू नका. १२ मे २०१७ ला वॉनाक्राय हा फाइली अडवून खंडणी मागणारा व्हायरस पसरला तेव्हा त्यावरचा उपाय मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलेला होता. ज्यांनी तो लावला नव्हता त्यांच्या फाइली कुलूपबंद झाल्या. विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हा मशीनवर तेच असेल तर वाढीव सुरक्षा अपडेट घेतले आहेत का, हेही विचारा.

आणि सगळं करूनही खात्यातून पैसे गेले, तर मशीन तपासत बसू नका. लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा आणि बँकेला कळवा. पैसे पुढच्या खात्यात जायच्या आत अडवता आले तरच परत मिळायची शक्यता जास्त असते.