ग्लेझ्ड चिकन, भाजलेल्या भाज्या आणि धान्य असा बाऊल रोज कामावरून आल्यावर रात्रीच्या जेवणाला करणं जमतं का?

जमतं. तुम्ही लिहिलंय की दोघंही ऐरोलीला नोकरीला आहात, ठाण्यात घरी पोचेपर्यंत आठ वाजतात, ओटीजी (विजेवरचा छोटा ओव्हन) लहान आहे, आणि व्हिडिओ बघून केलं तेव्हा चिकन बाहेरून करपलं, आतून कच्चं राहिलं आणि भाज्यांचा गिचका झाला. माझ्या मते यात तुमच्या हाताचा दोष नाही. सगळं एकाच ट्रेमध्ये घालून ओव्हनमध्ये सरकवायची ती पद्धतच आपल्या वीस-पंचवीस लिटरच्या ओटीजीला झेपत नाही. ओटीजी फक्त भाज्यांना द्या, चिकन गॅसवर करा आणि धान्य आदल्या रात्रीच शिजवून ठेवा. पाऊण तासात ताट वाढून होतं. मी घणसोलीहून परतल्यावर असंच करतो.

करपण्याचं कारण ग्लेझमध्येच, म्हणजे चिकनवरच्या त्या चकचकीत गोडसर लेपातच आहे. त्यात भरपूर गोड असतं. पाणी आहे तोवर ते मिश्रण शंभर अंशांच्या फार पुढे जात नाही, म्हणून कितीही उकळलं तरी गूळ जळत नाही. पाणी उडालं की तापमान झरझर चढतं, आणि साधारण 160-170 अंशांच्या पुढे साखर तपकिरी होत होत कडू व्हायला लागते. 200 अंशांच्या ओव्हनमध्ये कच्च्या चिकनला आधीच ग्लेझ फासलंत तर त्या पातळ थरातलं पाणी चिकन शिजण्याच्या कितीतरी आधी संपतं. पुढे जे होतं ते तुम्ही पाहिलंयच. म्हणून ग्लेझ सगळ्यात शेवटी, तेही डोळ्यांसमोर, पॅनमध्ये.

दोघांसाठी 400 ग्रॅम चिकन धरा. 2 टेबलस्पून सोया सॉस, तेवढीच काकवी, 1 टेबलस्पून कोकम आगळ, पाच-सहा लसूण पाकळ्या ठेचून, पेरभर आलं किसून, चमचाभर ब्याडगीचं तिखट आणि पाव वाटी पाणी हे एका वाटीत कालवून ठेवा. काकवी नसेल तर किसलेला गूळ घ्या. मधही चालतो, पण काकवीची ती किंचित कडवट, खमंग चव मधाला येत नाही. एक जपा: बाजारात मिळणाऱ्या आगळात बहुतेक वेळा मीठ घातलेलं असतं आणि सोया सॉस तर खारटच. त्यामुळे चिकनला आधी मीठ चोळू नका, शेवटी चव बघून काय ते ठरवा. आगळाऐवजी लिंबू वापरणार असाल तर ते गॅस बंद केल्यावर पिळा.

चिकन घेताना दुकानात स्पष्ट ‘लेगचं बोनलेस’ म्हणा. नुसतं बोनलेस म्हटलं की बहुधा ब्रेस्टच पुड्यात पडतो, आणि ब्रेस्ट दोन मिनिटं जास्त राहिला तरी चिवट होतो. मांडीच्या मांसात चरबी जास्त असते. फोन आला, दारात कुरिअरवाला आला, तरी ते सांभाळून घेतं. तुकडे मोठेच ठेवा आणि कागदाने टिपून कोरडे करा. ओलं चिकन पॅनमध्ये पाणी सोडतं आणि भाजायच्या ऐवजी उकडतं. बिडाचा तवा किंवा जाड बुडाचा पॅन चांगला तापवा, दोन चमचे तेल घाला, तुकडे ठेवा आणि एका बाजूने पाच मिनिटं हात लावू नका. उलटून आणखी चार-पाच मिनिटं. थर्मामीटर असेल तर आत 74 अंश दिसले पाहिजेत. नसेल तर सगळ्यात जाड तुकडा कापून बघा: गुलाबी दिसता कामा नये आणि पाणी स्वच्छ आलं पाहिजे.

आता चिकन ताटलीत काढा आणि त्याच पॅनमध्ये वाटीतलं मिश्रण ओता. तळाला चिकटलेलं सगळं उलथन्याने खरवडून त्यात येऊ द्या, खरी चव तिथेच आहे. तीन-चार मिनिटांत बुडबुडे मोठे आणि चकचकीत होतात. चमच्याच्या पाठीवर बोट फिरवल्यावर रेघ टिकली की चिकन परत घाला, मिनिटभर घोळवा आणि गॅस बंद. ग्लेझ किंचित पातळ वाटतंय तेव्हाच थांबायचं, कारण गार होताना ते आणखी आळतं.

भाज्यांचा गिचका गर्दीमुळे होतो. फोडी एकमेकींना चिकटून बसल्या की सुटलेली वाफ बाहेर पडत नाही आणि भाजी शिजते, भाजली जात नाही. ट्रे गच्च भरण्यापेक्षा भाजी कमी करा. माझी पहिली पसंती लाल भोपळ्याला. बारा महिने मिळतो, स्वस्त असतो आणि कडा छान तांबूस होतात. भोपळा आणि रताळं दोन सेंटिमीटरच्या फोडी करून, जेमतेम तेल-मीठ लावून, तापलेल्या ओटीजीत 200 अंशांवर पंचवीस-तीस मिनिटं. कांद्याच्या फाका, सिमला मिरची, फरसबी त्याच ट्रेमध्ये शेवटच्या पंधरा मिनिटांत टाका. थंडीत गाजर आणि फ्लॉवर. भर पावसात मी फ्लॉवरच्या वाटेला जात नाही, अळ्या निवडण्यातच आठाचे नऊ वाजतात. स्टेशनवरून घरी जाताना वाट वाकडी न करता घ्यायचं असेल तर गावदेवी मंडई किंवा जांभळी नाका आहेच. एअर फ्रायर असेल तर 180 अंशांवर पंधरा-अठरा मिनिटं पुरतात, मध्ये एकदा हलवा. साध्या मायक्रोवेव्हमध्ये मात्र भाज्या भाजल्या जात नाहीत. त्यापेक्षा पसरट कढईत मोठ्या आचेवर परता.

धान्यासाठी किन्वा आणायची काही गरज नाही. आख्खी ज्वारी घ्या. रात्रभर भिजवा, एका वाटीला तीन वाट्या पाणी घालून कुकरला लावा, शिटी झाली की बारीक आचेवर वीस-पंचवीस मिनिटं ठेवा आणि वाफ आपोआप जिरू द्या. राहिलेलं पाणी निथळून ज्वारी ताटात पसरा, गार झाली की लगेच डब्यात भरून फ्रिजमध्ये. आपल्या दमट हवेत शिजलेलं धान्य रात्रभर ओट्यावर ठेवू नका. फ्रिजमध्ये तीन-चार दिवस टिकते. दाणा मोकळा आणि चावायला लागेल असा राहतो, ग्लेझ वरून ओतलं तरी लगदा होत नाही. इंद्रायणी भाताचं इथे जमत नाही, तो चिकट. भिजवायचं राहिलं तर वरीचे तांदूळ पंधरा मिनिटांत होतात, किंवा सरळ कोलमचा भात लावा. संयुक्त राष्ट्रांनी 2023 हे भरडधान्यांचं वर्ष म्हणून पाळलं, त्या सुमारास आमच्या कोपऱ्यावरच्या वाण्यानेही राळ्यांची पाकिटं ठेवायला सुरुवात केली. राळेही चांगले लागतात.

घरात शिरल्यावर पहिलं काम ओटीजी सुरू करणं, हातपाय नंतर. तो तापेपर्यंत भाज्या चिरून होतात. भाज्या आत गेल्या की वाटीतलं मिश्रण कालवा, मग चिकन. वाढताना खाली ज्वारी, वर भाज्या आणि चिकन, पॅनमधलं राहिलेलं ग्लेझ, आणि बाजूला काहीतरी गार आणि कच्चं हवंच: लिंबू पिळलेला कांदा, काकडीची कोशिंबीर. वरून भाजलेले तीळ. घरात ‘पोळी नाही का?’ असं विचारणारं कोणी असेल तर त्यांना तीच ज्वारी आमटीबरोबर वाढा, भोपळा सुकी भाजी म्हणून खपतो.

‘रोज’ म्हणालात, तर सोमवार-गुरुवार-शनिवार पाळत असाल तर कामाच्या दिवसांत चिकनला तसेही मंगळवार-बुधवार-शुक्रवारच उरतात. बाकीच्या दिवशी आणि श्रावणात पनीर किंवा उकडलेले छोले घ्या, ग्लेझ तेच. पनीरला मात्र ते अर्धा मिनिटच दाखवा. दुसऱ्या दिवशी डब्यात नेणार असाल तर चिकन वेगळ्या कप्प्यात भरा आणि गरम करण्याआधी त्यावर चमचाभर पाणी शिंपडा, घट्ट बसलेलं ग्लेझ पुन्हा सुटतं.