वाचकांचे प्रश्न: जुना गेमिंग पीसी अजून किती चालेल?

प्रश्न : २०१७च्या सुरुवातीला मी गेमिंगसाठी पीसी जोडून घेतला. कोअर आय५-७६००के प्रोसेसर, जीटीएक्स १०७० ग्राफिक्स कार्ड, ८ जीबी रॅम, विंडोज १०साठी छोटी एसएसडी आणि गेमसाठी १ टीबीची हार्ड डिस्क. मॉनिटर साधा १०८०पी, ६० हर्ट्‌झचा. पहिली चार-पाच वर्षं हवा तो गेम लावला तरी तक्रार नव्हती. आता नवे गेम मध्येच अडकतात आणि जुने गेम लावले तरी पंखे ओरडतात. एक मित्र म्हणतो कार्ड बदल, दुसरा म्हणतो सगळाच मोडीत काढ. मला अजून दोन-तीन वर्षं यावरच काढायची आहेत. वय झालं की पीसी मंदावतो का?

उत्तर : तुमच्या पत्रात दोन तक्रारी आहेत आणि त्यांची कारणं वेगळी आहेत. जुन्या गेममध्ये पंखे ओरडतात, तो पीसीच्या वयाचा परिणाम आहे आणि एका दुपारीत दुरुस्त होतो. नवे गेम अडकतात, त्याचा वयाशी फारसा संबंध नाही.

आधी पंखे. चिप म्हातारी होऊन हळू मोजायला लागत नाही. तुमचा प्रोसेसर २०१७मध्ये ४.२ गिगाहर्ट्‌झपर्यंत जायचा, आजही जाईल. अट एवढीच की उष्णता बाहेर पडली पाहिजे. ती वाट मात्र नक्की खराब होते. हीटसिंकच्या, म्हणजे उष्णता शोषणाऱ्या धातूच्या, पात्यांत धूळ बसते, चिपची उष्णता त्याच्यापर्यंत पोचवणारी थर्मल पेस्ट सुकते, पंख्याचं बेअरिंग झिजतं. हा प्रोसेसर १०० अंश सेल्सियसला पोचला की स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. तुमचं कार्ड ८३ अंशांच्या आसपासच आपलं घड्याळ, म्हणजे कामाचा वेग, उतरवायला लागतं. आपल्याला वाटतं पीसी थकला, पण त्याला फक्त उकडत असतं.

साफ करण्याआधी एखादा जुना, ओळखीचा गेम अर्धा तास चालवून तापमान आणि घड्याळाचा वेग लिहून ठेवा. हा आग्रह मी प्रत्येकाला करते, कारण आकडे नसले की साफसफाईचा उपयोग झाला की नाही हे नुसतं वाटण्यावर राहतं. धूळ उडवताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा. हवेच्या झोताने पंखा भरधाव फिरला तर बेअरिंग जातं. प्रोसेसरवरची जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून नवी लावा. कार्ड उघडायचं असेल तर मेमरीवरच्या थर्मल पॅडची जाडी आधी शोधून ठेवा. चुकून जाड पॅड बसला तर कूलर मुख्य चिपला नीट टेकत नाही आणि तापमान पूर्वीपेक्षा वाढतं. हात बसलेला नसेल तर कार्ड न उघडता नुसती धूळ काढलेली बरी.

आता नवे गेम. पहिली चार-पाच वर्षं तुमचा पीसी इतका निवांत का होता, याचं उत्तर कन्सोलमध्ये आहे. त्या काळातले मोठे गेम प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वनसाठीही बनत आणि त्यांचे प्रोसेसर अगदीच अशक्त होते. तुमच्या प्रोसेसरच्या चार कोअरना, म्हणजे काम करणाऱ्या चार भागांना, ते काम किरकोळ होतं. नोव्हेंबर २०२०मध्ये प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स आले: आठ दमदार कोअर, १६ जीबी मेमरी, वेगवान एसएसडी. त्यानंतरही बरेच गेम जुन्या आणि नव्या दोन्ही कन्सोलसाठी निघत राहिले, म्हणून तुम्हाला फरक लगेच जाणवला नाही. जुन्या कन्सोलचा पाठिंबा सुटत गेला तशी गेमची किमान गरज एकदम वर गेली. पीसी २०१७मध्ये होता तेवढाच आहे.

कुठला भाग कमी पडतोय हे मित्रांना विचारू नका, पीसीलाच विचारा. अडकणाऱ्या गेमचं रिझोल्यूशन १०८०पीवरून ७२०पीवर आणा. दर सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम (चित्रं) भरपूर वाढल्या तर कार्ड कमी पडत होतं. आकडा जवळपास तिथेच राहिला तर कार्ड मोकळं आहे आणि प्रोसेसर, रॅम किंवा डिस्क त्याला ताटकळत ठेवतेय. आणि सरासरी एफपीएसवर, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम त्या आकड्यावर, विसंबू नका. ६० एफपीएसमध्ये एका फ्रेमच्या वाट्याला १६.७ मिलिसेकंद येतात. सरासरी छान दिसत असतानाही मध्येच एखादी फ्रेम ८० मिलिसेकंद घेते, आणि खेळताना हाताला जाणवतो तो हाच धक्का. मोजणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ‘१ टक्का लो’ हा सर्वांत संथ फ्रेमचा आकडा असतो, तो पाहा.

माझा अंदाज असा की तुमच्याकडे कार्ड मोकळंच निघेल. ८ जीबी रॅम आजच्या मोठ्या गेमला पुरत नाही. ती भरली की विंडोज डिस्कवर सामान हलवायला लागतं, आणि गेमही त्याच वेळी हार्ड डिस्कवरून पुढचं दृश्य मागत असतो. तेव्हा खर्चाचा क्रम असा ठेवा: आधी रॅम १६ जीबी, दोन सारख्या पट्ट्या, म्हणजे ड्युअल चॅनेल (दोन्ही पट्ट्यांतून एकाच वेळी डेटा) मिळेल. मग गेमसाठी एसएसडी, साधी साटाची (केबलने जोडायची) चालेल. एवढं झाल्यावर पुन्हा मोजा. या दोन्ही वस्तूंत नव्या पीसीच्या मानाने पैसे थोडे जातात आणि फरक मोठा पडतो.

त्यानंतरही चारही कोअर १०० टक्क्यांवर दिसले, तर त्याच मदरबोर्डवर आय७-७७००के बसतो. कोअर चारच, पण थ्रेड (एकाच वेळी हाताळता येणारी कामं) आठ. वापरलेला, खात्रीचा आणि स्वस्त मिळाला तरच घ्या. आठव्या पिढीचा प्रोसेसर सॉकेटमध्ये बसेलसा दिसतो, पण तुमच्या बोर्डावर चालणार नाही. त्या मोहात पडू नका.

कार्ड बदलायची घाई नको. ८ जीबी मेमरीचं जीटीएक्स १०७० १०८०पीला अजून बरंच काही ओढतं. कमी रिझोल्यूशनचं चित्र मोठं करून फ्रेम वाढवणाऱ्या सोयींपैकी डीएलएसएस त्यावर चालत नाही, एफएसआर चालतं. एफएसआर लावा आणि सेटिंग मध्यमवर आणा. सावल्या आणि व्हॉल्युमेट्रिक धुकं (हवेत पसरलेलं धुकं-प्रकाश) आधी कमी करा, टेक्स्चर (वस्तूंच्या पृष्ठभागाचा तपशील) शेवटी. मात्र काही दारं या कार्डाला बंदच आहेत. ‘इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल’ (२०२४) आणि ‘डूम: द डार्क एजेस’ (२०२५) यांना रे ट्रेसिंगचं, म्हणजे प्रकाशकिरणांचा माग काढून चित्र रंगवणारं, हार्डवेअर लागतंच. तिथे सेटिंग कमी करून काही होत नाही. असेच गेम खेळायचे असतील तर माझं उत्तर बदलतं: या पीसीवर पैसे घालू नका, नव्यासाठी जमवा.

तुमच्या ‘दोन-तीन वर्षां’ना खरा अडथळा विंडोजचा आहे. विंडोज १०चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, घरगुती वापरासाठीचे वाढीव सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६पर्यंतचे, आणि विंडोज ११च्या अधिकृत यादीत तुमचा सातव्या पिढीचा प्रोसेसर नाही. एकट्याने खेळायचे गेम असतील तर लिनक्स या मोफत प्रणालीवर स्टीम (गेमचं दुकान) आणि प्रोटॉन (विंडोजचे गेम तिथे चालवणारं साधन) मन लावून करून पाहा, मी अशा कित्येक जुन्या पीसींना तीच वाट दाखवली आहे. ऑनलाइन स्पर्धेचे गेम असतील तर आधी तपासा. अँटी-चीटमुळे, म्हणजे फसवणूक रोखणाऱ्या सॉफ्टवेअरमुळे, त्यातले काही लिनक्सवर उघडतच नाहीत. आणि बँकेचे व्यवहार या पीसीवर करत असाल तर हा निर्णय रॅमच्याही आधी घ्या.

प्रश्न : माझा जुना पीसी प्लगमधून काढून ठेवला की घड्याळ मागे जातं. त्यानंतर गेमही थोडे हळू वाटतात. हा भास आहे का?

उत्तर : भास नाही. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपलाय. तो संपला की बायोसच्या (पीसी सुरू करणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरच्या) सेटिंग पुसल्या जातात आणि त्यात रॅमला पूर्ण वेगाने चालवणारं एक्सएमपी प्रोफाइलही जातं. मग ३२०० वेगाची डीडीआर४ रॅम गुपचूप २१३३ किंवा २४००ने चालत राहते. सेल बदला, बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी परत चालू करा.

प्रश्न : मोठा गेम लावला की पीसी एकदम बंद पडतो, काही संदेशही येत नाही. ब्राउझिंग तासन्‌तास चालतं. पॉवर सप्लाय दहा वर्षांचा आहे.

उत्तर : तापमान ठीक असेल तर पहिला संशय पॉवर सप्लायवरच घ्या. त्यातले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर उष्णतेने झिजतात. साधारण दर १० अंशांमागे त्यांचं आयुष्य निम्मं होतं असं धरतात. कार्डाने एकदम जास्त वीज मागितली की ते तोलत नाहीत आणि सुरक्षेसाठी सगळं बंद होतं. शक्य असेल तर ओळखीच्या कोणाचा चांगला सप्लाय लावून तोच गेम चालवून पाहा, पण केबल त्या सप्लायच्याच वापरा. मॉड्युलर (केबल सुट्या करता येणाऱ्या) सप्लायच्या केबल एकमेकांना बसतात, आतली जोडणी मात्र वेगळी असते, आणि त्यात डिस्क जळू शकते. खात्री पटली की बदला. जुना दुरुस्त करायला उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जिवावर बेतेल एवढा भार राहू शकतो.