पिको-८ विकत घ्यावं का? आधी हिरकणीला कडा उतरू दे

प्रिय मित्रा,

तुझा प्रश्न सरळ आहे. छोटे गेम बनवायच्या पिको-८ या सॉफ्टवेअरसाठी पंधरा डॉलर मोजायचे, की फुकट मिळणाऱ्या गोडॉट या इंजिनावरच (इंजिन म्हणजे गेम बनवायचं सॉफ्टवेअर) हिरकणीचा गेम करायचा? माझं उत्तर: घे, पण आज नको. आज का नको आणि मग केव्हा, हे सांगायला मात्र चार पानं लागतील. चहा घेऊन बस.

आधी पैशांचं. किंमत १४.९९ डॉलर, म्हणजे आपले तेराशेच्या आसपास, वर बँक परकीय चलनाचं शुल्क लावेल ते वेगळं. एकदा दिले की दिले, महिन्याची वर्गणी नाही. विंडोज, मॅक, लिनक्स आणि रास्पबेरी पाय या सगळ्यांवर चालतं, त्यामुळे तुझ्या त्या जुन्या लॅपटॉपची चिंता नको. केलेला गेम तू विकलास तरी त्यातला वाटा कुणी मागत नाही. व्यवहार म्हणून यात खोट नाही. खोट असलीच तर ती तू कशासाठी घेतोयस यात असेल, म्हणून तेवढं तपासू.

तू लिहिलंस की ‘एवढे पैसे देऊन स्क्रीन फक्त १२८ बाय १२८ ची?’ अरे, पैसे त्याचेच आहेत. पिको-८ हे कधीच न बनलेल्या एका जुन्या गेमयंत्राचं सॉफ्टवेअर आहे. लेक्सालॉफल या छोट्या कंपनीच्या जोसेफ व्हाइटने ते रचलं आणि त्याच्या मर्यादा मुद्दाम ठरवल्या: ठरलेले सोळा रंग, आवाजाचे चार चॅनेल, सहा बटणं, अख्ख्या गेमला ३२ किलोबाइट. कोड लुआ भाषेत लिहायचा आणि तो ८१९२ टोकनांत बसवायचा. ढोबळमानाने प्रत्येक नाव, आकडा, चिन्ह हे एक टोकन. कॉमेंट आणि स्वल्पविराम फुकट. कोड, चित्र, नकाशा, आवाज, संगीत या सगळ्यांचे एडिटर एकाच खिडकीत आहेत. एस्केप दाबलं की कोड, पुन्हा दाबलं की कमांडची ओळ, ‘रन’ म्हटलं की गेम सुरू. वेगळं चित्रांचं सॉफ्टवेअर नको, आवाजांच्या लायब्रऱ्या धुंडाळायला नकोत.

आता तुझी हिरकणी घे. कोजागरीची रात्र, दरवाजे बंद, खाली घरात तान्हं मूल आणि पुढ्यात रायगडाचा कडा. पिको-८ च्या सोळा रंगांत गडद निळा आहे, जांभळट आहे, दोन-तीन करडे आहेत, पांढरा आणि पिवळा आहे. चांदण्याला एवढं पुरतं. पण नकाशाकडे नीट बघ. नकाशाची रुंदी १२८ चौकोन आणि उंची ६४, पण त्यातला खालचा अर्धा भाग आणि अर्धी चित्रं यांची जागा मेमरीत एकच आहे. एका पडद्यावर १६ बाय १६ चौकोन मावतात. म्हणजे तुझ्यापुढे दोन वाटा: १६ पडद्यांचा कडा आणि २५६ छोटी चित्रं, किंवा ३२ पडद्यांचा कडा आणि १२८ चित्रं. कडा लांब हवा असेल तर झुडपांचे प्रकार कमी कर. झुडपं, कपारी, वटवाघळं, मशालवाले पहारेकरी सगळं हवं असेल तर कडा आखूड कर. गोडॉटमध्ये हा प्रश्न तुला कुणी विचारणार नाही, आणि म्हणूनच तिथे तुझा कडा दिवाळीपर्यंत नुसता वाढत राहील अशी मला दाट शंका आहे. तुझ्या जुन्या तीन फोल्डरांची नावं मला माहीत आहेत.

नकाशा रुंद आणि तुझा कडा उभा, याचीही धास्ती नको. कड्याचे पडद्याएवढे तुकडे करून नकाशात शेजारी-शेजारी मांड आणि दाखवताना एकाखाली एक दाखव. पाच-सहा ओळींचं गणित आहे. ठिपक्यांची रांगोळी काढणारं कुणी घरात असेल तर आठ बाय आठच्या चौकोनात हिरकणी कशी बसवायची हे त्यांना विचार. मी थट्टा करत नाहीये. कुठला ठिपका सोडला की आकार उठून दिसतो ही नजर त्यांना असते.

‘सेलेस्ट’ या गेमचं उदाहरण तू स्वतःच दिलं आहेस, पण अर्धं. मॅडी थॉर्सन आणि नोएल बेरी यांनी २०१५ मध्ये पिको-८ वर चार दिवसांत डोंगर चढण्याचा एक छोटा गेम केला, हे खरं. एकेका पडद्याचा एकेक टप्पा, उडी, हवेतली एक झेप, बस. पण २०१८ मध्ये जो ‘सेलेस्ट’ विकला गेला आणि गाजला, तो पिको-८ वर केलेला नाही. तो सी-शार्प या प्रोग्रामिंगच्या भाषेत नव्याने लिहिला. मूळचा छोटा गेम त्यात गंमत म्हणून लपवून ठेवला आहे. तेव्हा पिको-८ घेतल्याने ‘सेलेस्ट’ होतो असं कुणी म्हटलं तर हसून सोडून दे. झेप घेताना हाताला मजा येते की नाही, हे त्या दोघांना चार दिवसांत कळलं. स्वस्तात तेवढंच मिळतं, आणि ते फार आहे.

आणखी एका गोष्टीला माझ्या लेखी पंधरा डॉलरांपेक्षा जास्त मोल आहे. पिको-८ चा गेम एका पीएनजी चित्रात साठवतात. दिसायला ते काडतुसाचं, म्हणजे जुन्या गेमयंत्रात खोचायच्या गेमच्या डबीचं (कार्ट्रिजचं) चित्र, पण रंगांच्या आकड्यांतल्या सगळ्यात खालच्या बिटांमध्ये अख्खा गेम लपवलेला असतो. असं कुणाचंही काडतूस उघडलंस की पूर्ण कोड समोर येतो. तुला भिंतीला चिकटून घसरणं जमत नव्हतं ना? ज्याचं घसरणं आवडलं त्याचं काडतूस उघड, ते फंक्शन शोध, त्यातले आकडे बदल आणि काय होतं ते बघ. व्हिडिओ बघून शिकण्यापेक्षा हे हळू आहे, पण टिकतं. कुणाचा कोड जसाच्या तसा उचललास तर परवाना वाच आणि नाव दे. बरीचशी काडतुसं व्यापारी वापराला मनाई करणाऱ्या क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली असतात.

मग आज का नको? कारण पिको-८ ची शिक्षणासाठीची आवृत्ती ब्राउझरमध्ये फुकट चालते. तेच एडिटर, तीच भाषा, त्याच मर्यादा. गेम स्वतंत्र फाईल म्हणून बाहेर काढायचा, म्हणजे वेबपान म्हणून टाकायचा किंवा मित्राला विंडोजवर चालवायला द्यायचा, तेव्हा विकतची आवृत्ती लागते. तुझ्याकडे आज बाहेर काढण्यासारखं काही नाही. म्हणून हिरकणीचे पहिले तीन पडदे फुकटच्या आवृत्तीत कर. वरून खाली, पडली तर पुन्हा वर, तिसऱ्या पडद्याच्या तळाशी पोचली की झालं. संगीत नको, मुखपृष्ठ नको. धाकट्या बहिणीच्या हातात दे आणि तू गप्प बस. तिने न सांगता पुन्हा खेळायला घेतलं तर त्याच संध्याकाळी पिको-८ विकत घे. ‘पैसे भरले की आपोआप बसून काम होईल’ या आशेवर घेऊ नकोस.

पिको-८ सारख्याच टिक-८० बद्दलही तू विचारलं आहेस. ते मुक्तस्रोत आहे, पडदा २४० बाय १३६ चा, लुआशिवाय जावास्क्रिप्टसारख्या इतर भाषाही चालतात. तेराशे रुपये हा घरी चर्चेचा विषय होणार असेल तर बेलाशक टिक-८० घे, काही बिघडत नाही. मला स्वतःला पिको-८ चे रंग आणि त्याच्याभोवती जमलेला काडतुसांचा साठा जास्त आवडतो. ही आवड आहे, निकाल नव्हे.

एका बाबतीत मात्र तुला आधीच ठरवावं लागेल, आणि इंजिनांची तुलना करणारे परदेशी व्हिडिओ त्याबद्दल बोलत नाहीत. तुझ्या गेममध्ये मराठी मजकूर किती आहे? पिको-८ मध्ये देवनागरी नाही. रोमन अक्षरं आहेत, जपानी काना आहेत. आठ पिक्सेलांच्या उंचीत शिरोरेषा, वरची मात्रा आणि खालचा उकार नीट मावत नाहीत. ‘पुन्हा खेळ’, ‘पोचली!’ असे चार-दोन शब्द चित्र म्हणून काढता येतील, आणि मोठ्या आकारात काढलेस तर छानही दिसतील. पण गवळणींच्या गप्पा, गडकऱ्याचे संवाद, पोवाड्याचं कडवं असं काही मनात असेल तर पिको-८ चा नाद सोड. तिथे गोडॉट. २०२३ मध्ये आलेल्या चौथ्या आवृत्तीपासून जोडाक्षरं आणि वेलांट्या जागच्या जागी बसवण्याची यंत्रणा त्यातच आहे. इतर कुठल्याही इंजिनावर पैसे खर्च करण्याआधी त्याच्या फुकट आवृत्तीत ‘किल्ला’, ‘स्त्री’, ‘विद्यार्थी’, ‘कीर्ती’ एवढे शब्द दाखवून बघ. ऱ्हस्व वेलांटी ‘क’च्या उजवीकडे जाऊन बसली, ‘ल्ल’चा पाय मोडला किंवा रफार भलतीकडे गेला, तर इंजिन कितीही नावाजलेलं असो, मराठी संवादांच्या गेमसाठी ते तुझ्या कामाचं नाही. युनिटी या इंजिनामध्ये वर्षानुवर्षं नेहमी वापरला जाणारा मजकुराचा घटक नेमका इथेच अडखळायचा, आणि लोक पदरमोड करून जोडण्या विकत घ्यायचे.

गेममेकर या इंजिनाचं थोडक्यात सांगते. ‘अंडरटेल’ हा गेम त्यात झाला म्हणून तुला त्याची ओढ आहे, ते समजतं. मार्क ओव्हरमार्स या डच प्राध्यापकाने १९९९ मध्ये ते सुरू केलं. मधल्या काळात ते कधी एकरकमी, कधी वर्गणीवर असं फिरत राहिलं. नोव्हेंबर २०२३ पासून विकण्याचा हेतू नसेल तर फुकट, विकायचं असेल तर ९९.९९ डॉलर एकदाच. कन्सोलसाठी वेगळी वर्गणी. म्हणजे तिथे तुझा प्रश्न आपोआप सुटतो: विकायला काही तयार होईपर्यंत एक पैसाही देऊ नकोस. त्यात स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात एका गेमची नोंदणी करायला शंभर डॉलर लागतात तेही धर. तुझ्या पहिल्या गेमसाठी स्टीम नकोच. इच डॉट आयओ या साइटवर फुकट ठेव.

किमतीपेक्षा मला जास्त धाक वाटतो तो किंमत बदलण्याचा. १२ सप्टेंबर २०२३ ला युनिटीने जाहीर केलं की १ जानेवारी २०२४ पासून ठरावीक उत्पन्नाच्या आणि डाउनलोडच्या पुढे गेलेल्या गेमवर दर इन्स्टॉलमागे शुल्क लागेल, आणि आधीच बाजारात असलेले गेमही त्यातून सुटणार नव्हते. वर्षानुवर्षं त्या इंजिनावर घर चालवणाऱ्यांच्या पायाखालची जमीन सरकली. दहा दिवसांत नियम सौम्य करावे लागले, ऑक्टोबरमध्ये मुख्याधिकारी जॉन रिचिटिएलो पायउतार झाले, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये ते शुल्क रद्दच झालं. मधल्या काळात ‘टेरारिया’ हा गेम करणाऱ्या री-लॉजिक कंपनीने गोडॉटला एक लाख डॉलर देणगी दिली आणि दरमहा वेगळी मदत सुरू केली. तुझा छोटा गेम त्या शुल्काच्या आसपासही गेला नसता. तरी कुठलंही इंजिन निवडताना एवढं बघून ठेव: उद्या कंपनीने अटी बदलल्या किंवा दुकान बंद केलं, तर आज उतरवून घेतलेली आवृत्ती चालत राहील का, आणि तुझा प्रकल्प उघडून बदलता येईल का? एकदा उतरवून घेतलेलं पिको-८ तुझ्या डिस्कवर चालत राहतं. गोडॉटचा तर एमआयटी नावाचा मुक्त परवाना आहे, स्रोतच तुझ्या हातात. नुसत्या वर्गणीवर, ब्राउझरमध्ये चालणाऱ्या इंजिनांच्या बाबतीत हा प्रश्न दोनदा विचार.

नोकरीचं तू विचारलं नाहीस, पण तुझे बाबा विचारतील. पुण्या-मुंबईच्या जाहिरातींत पिको-८ चं नाव दिसणार नाही. तिथे युनिटी, अनरिअल, सी-प्लस-प्लस. म्हणून हे इंजिन नोकरीसाठी घेऊ नकोस. मुलाखतीत एक पूर्ण झालेला गेम दाखवता येणं मात्र उपयोगी पडतं, मग तो १२८ पिक्सेलांचा का असेना.

घ्यायची वेळ आली की कार्डाचं बघ. रिझर्व्ह बँकेच्या २०२० पासूनच्या नियमाप्रमाणे नव्या कार्डांवर परदेशी आणि ऑनलाइन व्यवहार मुळात बंद असतात. बँकेच्या ॲपमध्ये जाऊन ते सुरू करावे लागतात, काम झालं की परत बंद कर. रूपे कार्ड परदेशी साइटवर चालेलच असं नाही. बाबांचं कार्ड वापरणार असशील तर खातं मात्र तुझ्याच ईमेलवर उघड, कारण परवाना त्या खात्याला चिकटतो. आणि ओटीपी मागण्याआधी कशासाठी मागतोयस ते त्यांना सांग.

तीन पडदे झाले की काडतुसाची पीएनजी मला ईमेलने पाठव. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवू नकोस, ते चित्र दाबून लहान करतं आणि त्यात लपलेला गेम मरतो.

तुझी,
ताई

ता.क. गुण मोजताना जपून. पिको-८ मधला आकडा ३२७६७ च्या पुढे गेला की उलटून थेट उण्यात जातो. हिरकणी तळाशी पोचताना शेकड्यांनी गुण देत सुटलास, तर सगळ्यात चांगलं खेळणाराच शेवटच्या नंबरावर दिसेल.