ग्राहकगळतीचा दर: सुरुवातीला एवढेच सांभाळा

ग्राहकगळतीचा दर म्हणजे महिन्याच्या सुरुवातीला असलेल्या ग्राहकांपैकी महिनाअखेर न उरलेल्यांची टक्केवारी. तो काढण्यासाठी पॉवर बीआयमध्ये (अहवाल बनवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये) सूत्र लिहिण्याआधी ‘गेलेला ग्राहक’ नेमका कोणाला म्हणायचे, हे मालकांकडून ठरवून घ्या. अंधेरीतल्या तुमच्या डबासेवेचे कित्येक ग्राहक मे महिन्यात कोकणात गावी जातात, आणि त्यांनाही गळतीत धरले तर त्या महिन्याचा अहवाल हास्यास्पद ठरेल. (मालक नेमका तोच महिना उघडून पाहतात.)

सुरुवातीच्या चुका बहुधा दोनच असतात:

– बिलांच्या ओळी मोजणे. मोजायचे असतात ते वेगवेगळे ग्राहक क्रमांक.
– नवे ग्राहक छेदात मिसळणे. १ एप्रिलला ४०० ग्राहक होते आणि त्यांतले २० महिनाअखेर उरले नाहीत, तर दर ५ टक्के; दरम्यान ६० नवे आले, तरी तो ५ टक्केच राहतो.

कोहॉर्टच्या, म्हणजे एकाच काळात आलेल्या ग्राहकांचे गट करून त्यांचा मागोवा घेण्याच्या, वाटेला सध्या जाऊ नका. आधी एका महिन्याचा आकडा एक्सेलमध्ये स्वतः पडताळून पाहा.