आधी कोणतं सर्टिफिकेट, असं विचारलंत म्हणून

तुमचा प्रश्न छोटा होता. रुग्णालयाच्या इमारतींचं फॅसिलिटी मॅनेजमेंट, म्हणजे देखभालीपासून साफसफाई-सुरक्षेपर्यंत सगळं, बरीच वर्षं सांभाळलंय, आता जोडीदार आणि मुलासह परदेशी जायचं चाललंय, तर निघण्याआधी आयएसओ ४१००१ करावं की सीएफएम (सर्टिफाइड फॅसिलिटी मॅनेजर)? आणि शेवटी, जाता जाता विचारल्यासारखं, ‘ताई, तिकडे एकटं वाटतं का?’ चार ओळींत उत्तर देऊन मोकळं व्हायचं ठरवून बसले होते, पण ते काही जमलेलं नाही.

फी, अर्ज, परीक्षेचं वेळापत्रक हे सगळं त्या त्या संस्थेच्या संकेतस्थळावर सापडेल, त्यात मी शिरत नाही. पण एक गोष्ट क्लासवाले मुद्दाम धूसर ठेवतात. आयएसओ ४१००१ हे फॅसिलिटी मॅनेजमेंटचं २०१८ सालचं मानक संस्थेच्या व्यवस्थापन पद्धतीसाठी आहे. त्याचं प्रमाणपत्र कंपनीला मिळतं, आणि तेही आयएसओ देत नाही. आयएसओ ही आंतरराष्ट्रीय संस्था फक्त मानक लिहिते. ऑडिट करून प्रमाणपत्र देणाऱ्या संस्था वेगळ्या असतात. ते तीन वर्षं चालतं, मधल्या काळात दरवर्षी पाहणी होते. तुमच्या हातात पडेल ते फार तर प्रशिक्षण पूर्ण केल्याचं किंवा लीड ऑडिटरचं. ऑडिटच्या कामात जायचं असेल तर जरूर करा. मात्र बायोडेटावर ‘आयएसओ ४१००१ सर्टिफाइड फॅसिलिटी मॅनेजर’ असं छापलंत आणि समोर जाणता माणूस बसलेला असला, तर पुढचं बोलणं नुसतं औपचारिक होतं. मी आता टेबलाच्या त्या बाजूला बसते, असे बायोडेटा येतात.

माणसाच्या नावावर मिळतात ती इफ्माची, म्हणजे या क्षेत्रातल्या आंतरराष्ट्रीय संघटनेची: एफएमपी (फॅसिलिटी मॅनेजमेंट प्रोफेशनल) आणि सीएफएम. एफएमपीला अनुभवाची अट नाही. देखभाल, प्रकल्प, पैसा आणि नेतृत्व असे चार विषय, आणि एकदा मिळालं की नूतनीकरणाची कटकट नाही. सीएफएमला अनुभव लागतो, परीक्षा असते, आणि दर तीन वर्षांनी ते टिकवावं लागतं. ब्रिटिश वळणाच्या कंपन्या आयडब्ल्यूएफएम या तिथल्या व्यावसायिक संस्थेचं सभासदत्व विचारतात. २०१८पर्यंत तिचं नाव बीआयएफएम होतं, जुन्या लोकांच्या तोंडी अजून तेच आहे. माझं मत विचाराल तर निघण्याआधी एफएमपी करा, सीएफएम तिकडे पाय टेकल्यावर. विजेचे, अग्निशमनाचे, एसीच्या गॅसचे परवाने मात्र जिथले तिथेच काढावे लागतात, त्यांना यातलं कुठलंच सर्टिफिकेट पर्याय नाही.

मानक वाचू नका असं मी म्हणत नाही, उलट वाचाच. त्याच मालिकेतल्या ४१०११ मध्ये संज्ञा आहेत, ४१०१२ मध्ये सेवा कुठून घ्यायच्या आणि करार कसे करायचे याचं मार्गदर्शन. ४१००१ मध्ये सेवा मागणारी संस्था आणि सेवा पुरवणारी यंत्रणा असा स्पष्ट भेद केलेला आहे. आधी मागणाऱ्याला नक्की काय हवंय ते लिहून काढा, मग ते किती दिलंत ते मोजा. आपण वाढलो ते ‘साहेबांचा फोन आला की पळा’ या पद्धतीत. काम उत्तम व्हायचं, पण मागे कागद उरत नसे. रुग्णालयातलंच उदाहरण घ्या. लीजिओनेला हा न्यूमोनिया करणारा जिवाणू २० ते ४५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात वाढतो, म्हणून गरम पाण्याची टाकी ६० अंशांवर ठेवायची आणि बंद खोल्यांतले नळ आठवड्यातून एकदा सोडायचे. हे तुमच्या प्लंबरला तोंडपाठ असेल. इथे ऑडिटर विचारतो: कोणत्या नळाचं, कोणत्या तारखेला, किती अंश, सही कोणाची? लॉगबुकात नोंद नसेल तर ते काम झालेलंच नाही.

आणि हाच न्याय तुम्हालाही लागतो. माझ्या आधीच्या कंपनीच्या अनुभवपत्रात एवढंच होतं: ‘मेंटेनन्स सुपरवायझर म्हणून कार्यरत होत्या. वर्तणूक समाधानकारक.’ एसीचे चिलर, लिफ्ट, डिझेल जनरेटर, हाउसकीपिंग, सिक्युरिटी, सगळे वेंडर आणि त्यांची बिलं मी बघत होते. जबाबदाऱ्या, क्षेत्रफळ, बजेट, हाताखालची माणसं, एवढं लिहून द्या म्हणून किती मेल केले. उत्तर एकच: फॉरमॅट ठरलेला आहे. मग तेच दोन ओळींचं पत्र नोटरी करून पुढे रांगेत लावायचं. अपोस्टिलची, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून सरकार लावतं त्या दाखल्याची, गंमत माहीत आहे ना? सही-शिक्का खरा आहे एवढंच तो सांगतो, मजकुराशी त्याला देणंघेणं नाही. म्हणून राजीनामा देण्याआधी, तुमची गरज असेपर्यंत, सविस्तर पत्र घ्या. नंतर कोणी फोनही उचलत नाही.

मुलीचंही तेच झालं. शाळेने भाषेची चाचणी घेतली आणि एक वर्ष खाली बसवलं. गणिताची घेतलीच नाही. गुणपत्रिका होत्या, भाषांतरं होती, मी बाईंसमोर वही उघडून दाखवली. ‘तिच्याच भल्यासाठी आहे,’ असं म्हणाल्या आणि फाइल मिटली. मुलगी आता त्यावर विनोद करते. मी करत नाही. दुसऱ्यांच्या इमारतींचे पुरावे दिवसभर तपासते आणि स्वतःच्या लेकीचा पुरावा मला कोणाच्या गळी उतरवता आला नव्हता, हे मी कामावर कोणाला बोललेले नाही.

एकटेपणाचं विचारलंत. वाटतं. काम असलं की कमी वाटतं. पुढे जाऊ.

पहिली नोकरी बहुधा दोन पायऱ्या खालची मिळेल. मला हेल्पडेस्क मिळालं: तक्रार घ्या, वर्क ऑर्डर काढा, टेक्निशियन पाठवा. एएचयूचा (एसीची हवा खेळवणाऱ्या यंत्राचा) बेल्ट गेलाय हे आवाजाच्या वर्णनावरून कळायचं, पण सांगायचं नाही, ते टेक्निशियनचं काम. आईचा फोन आला की ती विचारायची, ‘तिकडेही मॅनेजरच ना?’ मी फोन मुलीच्या हातात द्यायचे. नवऱ्याला त्याच्या क्षेत्रात लगेच बरं काम मिळालं, आणि त्याचा मला आनंद झाला असं मी सगळ्यांना सांगत होते. झालाही होता, पण पूर्ण नाही. तुम्हा दोघांपैकी कोणाची नोकरी आधी मार्गी लागणार आणि कोण थांबणार, हे व्हिसाच्या अर्जाआधी बोलून घ्या. आमच्या घरी ते बोलणं अजून व्हायचंय.