घरात सगळ्या टीव्हींवर सिनेमे बघायला नॅस घ्यावा, की जुना लॅपटॉप पुरेल?

म्हणजे तुमच्याकडे दोन टीव्ही, तीन मोबाइल आणि सिनेमे व लग्नाच्या कॅसेटवरून उतरवलेल्या व्हिडिओंनी भरलेली ४ टीबीची एक्स्टर्नल डिस्क आहे. ती या टीव्हीतून काढून त्या टीव्हीला लावायचा कंटाळा आलाय. दोन डिस्क बसणारा तयार नॅस (घरच्या नेटवर्कला जोडायची डिस्कची पेटी) घ्यावा की कपाटात पडलेला लॅपटॉप चालेल, हा प्रश्न.

लॅपटॉप चालेल. पण खरी भानगड पेटीची नसतेच, राउटरपर्यंत जाणाऱ्या लॅन वायरची असते. मी हे पैसे मोजून शिकलो.

माझ्याकडेही जुना लॅपटॉपच आहे. त्यावर लिनक्स टाकलं, जेलीफिन बसवलं (आपल्या डिस्कवरचे सिनेमे घरभर दाखवणारं सॉफ्टवेअर; फुकट आहे, ऑनलाइन खातंबितं काढावं लागत नाही), आणि झाकण मिटलं तरी मशीन झोपणार नाही अशी सेटिंग केली. साधे सिनेमे मस्त चालायचे. फोर-के लावला की दर दोन मिनिटांनी गोल गोल फिरणारं चक्र. आधी डिस्कला दोष दिला, मग लॅपटॉपला, शेवटी नवा राउटर आणला. चक्र होतं तिथंच.

एके दिवशी ४० जीबीची फाइल कॉपी करताना वेग बघितला: सेकंदाला ११ एमबी. म्हणजे तासभर! गिगाबिट लाइनवर (सेकंदाला १००० मेगाबिट) हेच काम सहा-सात मिनिटांत व्हायला हवं. ११चा आकडा दिसला की समजायचं, लाइन १०० एमबीपीएसवर (सेकंदाला १०० मेगाबिट, म्हणजे जेमतेम १२ एमबी) अडकलीये. वायरचं टोक खिडकीशी नेऊन उजेडात धरलं, तर त्या पारदर्शक क्लिपमध्ये आठपैकी चारच तारा बसवलेल्या. उरलेल्या चार कापून मागे दुमडलेल्या. १०० एमबीपीएसला चार तारा पुरतात, गिगाबिटला आठही लागतात. वायर टाकणाऱ्याने इंटरनेट चालू झालं की काम संपलं असं मानलं, आणि त्याच्या हिशेबाने ते संपलंही होतं. दोन्ही टोकांना नव्या क्लिपा मारल्या. खर्च शंभराच्या आत. राउटरचे पैसे गेले ते गेलेच.

अजून एक गंमत. बऱ्याच टीव्हींचं स्वतःचं लॅन पोर्टसुद्धा १०० एमबीपीएसचंच असतं. फोर-के ब्लू-रे डिस्कवरून जशीच्या तशी उतरवलेली फाइल मधूनच त्याच्या वर उसळते. अशा फाइलींसाठी राउटर त्याच खोलीत असेल तर टीव्ही ५ गिगाहर्ट्झ वायफायवर ठेवलेला बरा. लॅपटॉप मात्र वायरनेच राउटरला जोडा. दोन्ही बाजू वायफायवर ठेवल्या की एकच हवा दोनदा वापरली जाते. तुमचे कॅसेटवरचे व्हिडिओ आणि साधे १०८०पी सिनेमे असल्या कशालाही अडत नाहीत.

टीव्हीला फाइल आहे तशी वाजवता आली, तर लॅपटॉपला फक्त ती वाढून द्यायची असते, बारा वर्षांचं मशीनही ते करतं. टीव्हीला तो प्रकार कळत नसेल तर लॅपटॉप चालता चालता व्हिडिओ नव्याने बनवायला घेतो, आणि मग पंखा मिक्सरसारखा ओरडतो. ब्लू-रेतली सबटायटल्स अक्षरं नसून चित्रं असतात, ती चालू केली तरी बऱ्याचदा हेच होतं. इंटेलचा सातव्या पिढीपासूनचा प्रोसेसर हे काम चिपमधल्या व्हिडिओच्या भागाकडे सोपवू शकतो. त्याहून जुना असेल तर सबटायटल्सची वेगळी एसआरटी (नुसत्या अक्षरांची) फाइल ठेवा.

लॅपटॉप दिवसरात्र चालू ठेवला आणि वीज साधारण १५ वॅट धरली तर महिन्याला ११ युनिट.

लाइट गेली तर लॅपटॉप स्वतःच्या बॅटरीवर तग धरतो, पण वेगळ्या अडॅप्टरवर चालणारी मोठी डिस्क लिहिता लिहिता धाडकन बंद पडते, आणि फाइली खराब होतात त्या अशाच. म्हणून यूएसबीवरच चालणारी छोटी डिस्क बरी, नाहीतर तिचा अडॅप्टर इन्व्हर्टरच्या पॉइंटवर लावा. लॅपटॉप कायम चार्जिंगला राहणार, तेव्हा सोय असेल तर चार्ज ८० टक्क्यांवर थांबवा. बॅटरी फुगलेली दिसली तर त्याच दिवशी काढा.

तयार नॅस वाईट नाही. दोन डिस्कवर एकच माल ठेवतो, एक मेली तर दुसरी चालू राहते. पण चुकून फोल्डर उडवलं की दोन्हीकडून उडतं, त्यामुळे त्याला बॅकअप म्हणू नका. सिनेमे परत मिळतील, लग्नाची कॅसेट आता बुरशीने गेलीही असेल. नॅसचे पैसे वाचतील त्यातून एक साधी डिस्क घ्या, फक्त ते व्हिडिओ तिच्यावर कॉपी करा आणि ती भावाकडे किंवा सासरी ठेवून द्या.

पण आधी वायरचं टोक उजेडात धरून तारा मोजा. आठ भरल्या आणि तरीही अडकत असेल, तर लॅपटॉपचा प्रोसेसर आणि टीव्हीचं मॉडेल इथे लिहा, बघू.